कातळवाडीची खांद्यावरची खुर्ची

तब्येत बरी असेल तर माझ्यावर बसू नका, मित्रांनो. पाय दुखत असतील तर समोर कट्टा आहे, तिथे टेका. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे खरी, पण बसायची नाही, न्यायची खुर्ची आहे. आमच्या कातळवाडीत ज्याला स्वतःच्या पायांनी टेकडी उतरता येत नाही, त्याला मी खाली रस्त्यापर्यंत पोचवते. म्हणजे पोचवतात माणसं, मी आपली मध्ये असते. दोन्ही बाजूंना एकेक बांबू आणि बांबूंखाली चार खांदे, एवढाच माझा संसार. आणि आता त्याचाही कंटाळा आलाय.

कातळवाडी तुम्ही पाहिली नसेल. विक्रोळीला पश्चिमेला उतरायचं, कारखान्यांच्या लांबच लांब भिंती मागे टाकायच्या आणि टेकडीच्या दिशेने जायचं. जिथे रिक्षावाला म्हणतो, "बस, आता चाला," तिथून आमची वाडी सुरू होते. पुढे रिक्षा येत नाही, ॲम्ब्युलन्स येत नाही. गॅसवाला येतो, पण आधी टेकडीला शिव्या देतो आणि मग सिलिंडर खांद्यावर घेतो. खालची गल्ली, मधली गल्ली आणि वरची गल्ली. गल्ली संपली की वळण, वळणावर दगडी कट्टा आणि पुन्हा पायऱ्या. पायऱ्या कुणा एकाने बांधलेल्या नाहीत. ज्याच्या दारासमोर जेवढी जागा, तेवढ्या त्याने आपल्या मर्जीने घातल्या. त्यामुळे एक पायरी वीतभर उंच, तर पुढची थेट गुडघ्याएवढी. नवा पाहुणा आला की एकदा तरी आपटतोच.

इथली बरीचशी माणसं कोकणातली. गिरण्या चालू होत्या तोवर ती लालबाग-परळला होती. गिरण्या बंद पडल्या आणि एकेका खोलीत तीन भावांचे संसार मावेनात, तेव्हा धाकट्या भावांनी बिऱ्हाडं उचलली आणि ह्या उघड्या कातळावर आणून टेकवली. चंद्रप्रकाश त्यांतलाच एक. गिरणीत मागावर होता, इथे आल्यावर खालच्या एका कारखान्यात माल चढवायला लागला. त्याची बायको सुलक्षणा. नवऱ्याने पहारीने कातळ फोडायचा आणि बायकोने पाट्या भरून खडी उचलायची, असं करत दोघांनी वरच्या गल्लीत घर उभं केलं. पाणी तेव्हा फक्त खाली, रस्त्यावरच्या नळाला. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक कळशी, असं बायका टेकडी चढायच्या. वर पोचल्यावर कुणी प्यायला पाणी मागितलं तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

माझा जन्म ह्या सुलक्षणेमुळे झाला. त्या काळात आजारी माणसाला चादरीच्या झोळीत घालून खाली न्यायचे. सुलक्षणेचे दिवस भरले तेव्हा तिलाही तसंच नेत होते. मधल्या गल्लीत झोळीची गाठ सुटली आणि बिचारी कुशीवर पायऱ्यांवर पडली. तिथून पुढे न्यायला वेळच राहिला नाही. मधल्या गल्लीच्या बायकांनी कट्ट्याभोवती साड्या धरल्या आणि तिथेच मुलगी झाली. तीच उत्तरा. पोरगी ठणठणीत होती, पण आईचं खुब्याचं दुखणं त्या दिवसापासून जे मागे लागलं ते सुटलंच नाही. चंद्रप्रकाशने मनावर घेतलं, पुन्हा ह्या टेकडीवरून कुणाला झोळीत न्यायचं नाही.

तो कांजूरच्या गावठाणात अर्बन सुताराकडे गेला. अर्बन म्हणजे जुना माणूस. गावठाणातल्या निम्म्या घरांची दारं-खिडक्या आणि चर्चमधली बाकडी त्याच्या हातची. चंद्रप्रकाशने कारखान्यातून पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या आणल्या होत्या. अर्बनने त्या एकेक वाकवून पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. "ह्या पेटीला ठीक हायत," तो म्हणाला. "मानूस बसवाचा तर सागवान पायजे." त्याच्या आजोबांचं घर नुकतंच पाडलं होतं, त्याची चौकट त्याने राखून ठेवली होती. त्या चौकटीतून माझे पाय निघाले, हात निघाले, पाठ निघाली. हातांखाली त्याने लोखंडी कड्या बसवल्या, त्यांतून बांबू आरपार जायचे. बैठकीला वेत विणला. मला पहिल्यांदा उचललं तेव्हा अर्बन स्वतः बसला होता आणि चंद्रप्रकाशला ओरडत होता, "नीट धर, मी काय लाकडाचा नाय." सगळे हसत होते. मलाही तेव्हा फार बरं वाटलं होतं. नवी होते ना.

न्यायची एक पद्धत हळूहळू पडली. वरच्या गल्लीच्या चौघांनी मला आपल्या वळणावरच्या कट्ट्यापर्यंत आणायचं आणि पुढच्या माणसाने एकच हाक द्यायची, "खुर्चीऽऽ". कोण आजारी, काय झालं, काही सांगायचं नाही. मधल्या गल्लीत जे कुणी पुरुष घरात असतील, त्यांनी हातातलं टाकून यायचं. एकदा तर एकजण अर्धी दाढी केलेल्या तोंडाने आला आणि तसाच आख्खी गल्ली उतरला. मधल्या गल्लीने खालच्या कट्ट्यापर्यंत आणायचं, मग खालच्या गल्लीने रस्त्यापर्यंत. दुसऱ्याच्या गल्लीत कुणी खांदा द्यायचा नाही. प्रत्येकाची गल्ली ही प्रत्येकाची जबाबदारी.

आणि हाक दिली की थांबायचं नाही, हाही त्यातलाच नियम. ह्यामागे एक भांडण आहे. सुरुवातीला एकदा चंद्रप्रकाश हाक देऊन कट्ट्यापाशी उभा राहिला होता. मधल्या गल्लीत राहणाऱ्या शर्मिष्ठाचा नवरा धावत वर आला आणि पेशंट राहिला बाजूला, आधी ह्यालाच म्हणाला, "थांबलंस कित्याक? आमी येवचे नाय असा वाटला काय तुका?"

"तसं नाय रे, बघत होतो फक्त."

"काय बघत होतंस? आमची परीक्षा?"

त्यानंतर कितीतरी दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. शेवटी बायकांनी मध्ये पडून मिटवलं. सुलक्षणा आणि शर्मिष्ठा नळावरच्या मैत्रिणी, त्यांना हा अबोला परवडणारा नव्हता. पण तेव्हापासून ठरूनच गेलं. मला कट्ट्यावर टेकवायचं, हाक द्यायची आणि सरळ मागे फिरायचं. उभं राहणं म्हणजे पुढच्या गल्लीचा अपमान. पेशंटसोबत घरचं माणूस असायचंच, त्यामुळे कुणी एकटं पडायचं नाही. आणि त्या काळात मधल्या गल्लीने कधी वाट पाहायला लावलीच नाही, हे मी शपथेवर सांगते.

मित्रांनो, माझ्यावर कोण कोण बसलं ते विचारू नका. बाळंतिणी बसल्या, आणि जाताना नवऱ्याला अशा शिव्या घालत गेल्या की उचलणाऱ्यांचे खांदे हसून हसून हलायचे. खोकून खोकून चिपाड झालेली माणसं बसली. एका पोराचा पाय मोडला होता, तो दोन्ही हात सोडून बसला आणि म्हणाला, "झकास, अजून एक राउंड मारा ना." लग्नाच्या दिवशी ताप भरलेली एक नवरीसुद्धा मी मुंडावळ्यांसकट खाली नेली आहे. वेत फाटला तेव्हा नवारीची पट्टी आली, ती झिजली तेव्हा प्लायवूड आलं. कुणीतरी गॅरेजमधून मोटारीचा पट्टा आणून लावला. बांबू तर किती बदलले. सागवान मात्र अर्बनचंच राहिलं.

कौतुकही झालं, नाही असं नाही. निवडणूक आली की मी एकदम व्हीआयपी. सकाळपासून माझ्या पाठीला झेंडूच्या माळा. गळ्यात उपरणी घातलेली अनोळखी पोरं यायची आणि म्हाताऱ्यांना उचलून मतदानाला न्यायची. ज्यांना स्वतःच्या पायांनी उतरता येत होतं त्यांनाही बळेच बसवायची, फोटो चांगला येतो म्हणून. दुसऱ्या दिवशी झेंडू सुकलेला आणि पोरं गायब. रस्त्याचं वचन दर खेपेला मिळालं. नारळ फुटले, पाट्या लागल्या. एकदा खरोखरच लोखंडी कठडा आला आणि मधल्या गल्लीपर्यंत येऊन थांबला, तो अजून तिथेच आहे. मग मोबाइल आले. कॉलेजच्या मुलांनी माझा व्हिडिओ काढला, खाली लिहिलं की हे मुंबईचं स्पिरिट आहे. लाखो लोकांनी पाहिला म्हणे. कसलं स्पिरिट घेऊन बसलात. पायऱ्या धड नाहीत म्हणून मी आहे. त्या लाखांतल्या एकानेही विचारलं नाही की बाबा, रस्ता का नाही?

असो. चिडून काय होणार? वर्षं गेली तसे खांदे म्हातारे झाले. चंद्रप्रकाशलाही एक दिवस छातीत कळ आली आणि ज्या खुर्चीसाठी त्याने एवढी धावपळ केली, त्याच खुर्चीतून तो खाली गेला. सुलक्षणा त्याच्या हाताला धरून शेजारून चालत होती. ती एकटीच चालत परत आली.

पुढची पिढी आली. वरच्या गल्लीत सुबोध आणि सुशांत. सुबोध मॉलमध्ये सिक्युरिटीला, सुशांत मोटारसायकलवरून लोकांच्या घरी सामान पोचवतो. पोरं चांगली आहेत. पण त्यांच्या कामाला मिनिटाचा उशीर चालत नाही, आणि सुट्टी कधी असते ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं.

आणि मग सुलक्षणेच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हप्त्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल, जन्मभर. मित्रांनो, एखाद्याला अडीनडीला उचलणं वेगळं आणि एकाच माणसाला हप्त्यातून दोनदा खाली न्यायचं आणि दोनदा वर आणायचं, हे वेगळं. पहिले काही महिने हाक दिली की सगळे धावत यायचे. मग हळूहळू कुणी अंघोळीला गेलेलं असायचं, कुणाची पाठ धरलेली असायची. दार आतून अगदी हळू लोटून घेतलेलं मला ऐकू यायचं. मी कुणाला दोष देत नाही, माझेही सांधे कुरकुरायला लागले होते. पण सुलक्षणेलाही ते ऐकू यायचं. तिने भाकरी अर्धी केली. उत्तरा रागावली तर म्हणायची, "भूक नसता गे." खोटं होतं ते. तिला हलकं व्हायचं होतं, पोरांच्या खांद्यांना त्रास नको म्हणून. घरात कुणाला कळलं नसेल, पण वजन माझ्यावर पडत होतं, मला कळत होतं. फार वाईट वाटायचं.

तशातच मधल्या गल्लीवर दरडीची नोटीस लागली. धोका म्हणे फक्त मधल्या गल्लीलाच. वरच्या गल्लीला नाही आणि खालच्याही नाही. दरड काय गल्ली बघून येते? पण कागदावर तसं होतं. मधल्या गल्लीला मानखुर्दला इमारतीत खोल्या मिळाल्या. शर्मिष्ठा चाव्या घेऊन आल्याच्या दिवशी सुलक्षणेकडे पेढे घेऊन आली आणि पेढ्याचा पुडा तसाच हातात धरून रडत बसली. माणसं एकदम गेली नाहीत. आज एक टेम्पो, चार दिवसांनी दुसरा. दोन-चार घरं म्हणत होती, मुलांची परीक्षा होऊ दे, मग जाऊ. वरच्या गल्लीत कुणीच नीट मोजलं नाही की आता खाली किती उरले.

त्या दिवशी डायलिसिसची सकाळ होती. आदल्या खेपेला नंबर मागे गेला होता, म्हणून उत्तरा फाइलची पिशवी घेऊन पहाटे अंधारातच पुढे गेली. आईचा मोबाइलही त्याच पिशवीत. ती सुबोधला सांगून गेली होती, "आईला तेवढं रिक्षात बसवा, मी तिकडे उभी राहते." सुबोध, सुशांत आणि गल्लीतले आणखी दोघे मला घेऊन निघाले. कट्ट्यावर टेकवलं. सुबोधने हाक दिली, "खुर्चीऽऽ". खाली शर्मिष्ठाच्या दाराला निळा पडदा हलत होता. दोरीवर एक टॉवेल होता.

सुशांतच्या खिशात मोबाइल वाजायला लागला होता. सुबोध क्षणभर घुटमळला, तर सुलक्षणाच म्हणाली, "जावा रे पोरांनो, येतील ते. उगाच थांबू नका, बरं दिसत नाय."

"नक्की ना काकी?"

"अरे, मधली गल्ली कधी आली नाय असं झालंय? जावा."

ते मागे फिरले. तिने पदर नीट केला, मांडीवर हात ठेवले आणि पायऱ्यांकडे बघत बसली. कुणी आलं नाही.

थोड्या वेळाने तिने हाक मारली, "अगो शर्मिष्ठा." मग तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, मग शेजारच्या घरातलं एक नाव, मग त्याच्या शेजारचं. एकेका दाराकडे बघून ती नाव घेत होती. वारा आला आणि निळा पडदा पार बाजूला झाला. मागे दारच नव्हतं. चौकटीसकट काढून नेलेलं होतं. आत रिकामी खोली आणि भिंतीवर देव्हाऱ्याचा पांढरा चौकोन. शेवटचा टेम्पो आदल्याच दिवशी गेला होता, आणि वर कुणाला त्याचा पत्ताच नव्हता.

तिने पट्टा सोडला आणि उठायचा प्रयत्न केला. सुजलेले पाय टेकेनात. ती परत माझ्यावर बसली. ऊन चढत होतं. तिला धाप लागली होती. मला चार पाय आहेत, मित्रांनो, आणि एकही चालत नाही. त्या सकाळी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

खाली मेल्विन रिक्षा लावून बसला होता. मेल्विन हा अर्बनचा नातू, सुलक्षणेला हॉस्पिटलला नेणं-आणणं त्याच्याकडेच. त्याने हॉर्न दिले, वाट पाहिली, मग खालच्या गल्लीत येऊन विचारलं. तिथली माणसं म्हणाली, "आमच्या कट्ट्यावर आली नाय अजून." त्यांचंही बरोबरच होतं, खालची गल्ली खुर्ची घ्यायला कधी आपल्या कट्ट्याच्या वर गेलीच नव्हती. मेल्विनला मात्र कुठली गल्ली? तो तसाच धावत वर आला आणि आम्हाला बघून खालच्याच पायरीवर थांबला.

"मावशी, इथे काय करताय एकट्या?"

"मधल्या गल्लीची वाट बघतेय रे."

"मावशी, मधली गल्ली मानखुर्दला गेली."

मेल्विनने वर तोंड करून हाका मारल्या, मग खाली तोंड करून मारल्या. पुरुष कामावर गेले होते. वरून सुबोधची बायको श्रुतिका आली, हाताला पीठ तसंच. तिच्यामागे तिची धाकटी नणंद ऋतिका. खालच्या गल्लीतून अबोली आली, चार घरी पोळ्या लाटणारी. बायकांनी मला खांदा द्यायचा नाही असा काही नियम नव्हता, पण आजवर कुणी दिलाही नव्हता.

"बायांनो, नको. तुम्हाला नाय झेपायची मी," सुलक्षणा म्हणाली.

"गप बसा काकी," श्रुतिका म्हणाली. "एवढी वर्षं पाण्याचे हंडे चढवले, तेव्हा कुणी विचारलं होतं का झेपतंय म्हणून?"

पुढे मेल्विन आणि अबोली, मागे त्या दोघी. पुरुष मुकाट उतरायचे. ह्या सारख्या बोलत होत्या, "पायरी मोठी आहे गं," "थांब, हात बदलते," "काकी, डोळे मिटू नका हां, बोलत राहा." दर दहा पावलांवर टेकवत होत्या. रिकाम्या गल्लीतून त्यांचे आवाज फार मोठे येत होते. रस्त्यावर पोचल्यावर श्रुतिकाच्या खांद्यावर बांबूचा लाल वळ उठला होता.

हॉस्पिटलात मी जात नाही, खाली रस्त्याकडेच्या टपरीमागे थांबते. तिकडे काय झालं ते त्याच चौघांच्या खांद्यावरून परत वर जाताना कळलं. मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. वेळेवर आलेल्या माणसाला काय उठवणार? उत्तराने हात जोडले, रडली, भांडली. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या नंबरावर घेतो म्हणाले. एक दिवस काढायचा होता. त्या संध्याकाळी सुलक्षणेला आडवं पडता येत नव्हतं. पडली की श्वास कोंडायचा. म्हणून तिला ओटीवर माझ्यावरच बसवून ठेवलं, पाठीला उशा लावून.

सुबोध आणि सुशांत कामावरून आले ते थेट तिच्या दारात. उत्तराने त्यांना आत येऊच दिलं नाही.

"तिला रस्त्यात टाकून गेलात तुम्ही. वळून बघायला काय झालं होतं?"

"ताई, पडदा दिसला, टॉवेल दिसला. आम्हाला वाटलं आहेत अजून," सुबोध म्हणाला. त्याला वर बघवत नव्हतं. "आणि थांबायचं नसतं ना."

"थांबायचं नसतं म्हणे. ती मेली असती तर?"

"उत्तरा," सुलक्षणा माझ्यावरून म्हणाली. बोलताना तिला मध्ये मध्ये दम घ्यावा लागत होता. "पोरांवर नको ओरडू. मीच त्यांना जा म्हटलं."

"का पण, आई? तुला माहीत होतं ना ती माणसं जायला लागलीत?"

"ठाऊक होतं गे. पेढे खाल्ले मी शर्मिष्ठाचे. पण हाक मारली की येतील, असंच वाटलं मला." तिने पाठीची उशी सारखी केली. मग म्हणाली, "तुझ्या मोबाइलवर शर्मिष्ठाचा नंबर आहे ना? लाव बघू. तिच्या शेजारची खोली भाड्याने आहे म्हणत होती."

उत्तरा बघतच राहिली. गेलं वर्षभर ती आईच्या मागे लागली होती, आपण खाली कुठेतरी राहायला जाऊ म्हणून. सुलक्षणा दर वेळी म्हणायची, हे घर तुझ्या बाबांनी कातळ फोडून बांधलंय, मी इथूनच जाणार. त्या संध्याकाळी ती फक्त म्हणाली, "मला अजून जगायचं आहे. ह्या पोरांच्या खांद्यावर किती दिवस जगू?" सुबोध दाराबाहेर उभ्या उभ्या रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या गल्लीच्या चौघांनी मला कट्ट्यावर टेकवलंच नाही. हाकही दिली नाही. रिकाम्या गल्लीतून ते न थांबता उतरले, खालची गल्लीही त्यांनीच उतरली, आणि खालच्या गल्लीतलं कुणी रागावलं नाही. सुलक्षणेला वेळेवर मशीन मिळालं. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिचा श्वास मोकळा होता आणि तिने अख्खी भाकरी खाल्ली.

महिन्याभरात मानखुर्दचं ठरलं. लिफ्ट असलेली इमारत, शर्मिष्ठाचा शेजार आणि डायलिसिसचं सेंटर रिक्षाच्या अंतरावर. जायच्या दिवशी तिने उंबरा पुसला, चावी श्रुतिकाकडे दिली आणि माझ्यावर बसली. वरच्या गल्लीची सगळी माणसं मागून चालत होती. मधल्या गल्लीत आलो तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. खाली सामानाचा टेम्पो आणि मेल्विनची रिक्षा उभी होती. तिला रिक्षात बसवलं. मी रस्त्याच्या कडेला उभी.

सुबोधने माझे बांबू काढले आणि विचारलं, "काकी, खुर्ची टेम्पोत टाकू? काकांनी बनवून घेतलेली आहे, तुमचीच म्हणायची."

"टाक ना," उत्तरा म्हणाली. "लिफ्ट काय, कधीही बंद पडते."

खरं सांगते, मित्रांनो, मला जायचं होतं. मी दमले आहे. इमारतीत मला कुणीतरी गॅलरीत ठेवलं असतं. वर ओले कपडे टाकले असते, खाली कांदे-बटाटे ठेवले असते, मी एका शब्दाने कुरकुर केली नसती. मला फक्त कुणी उचलायला नको होतं.

सुलक्षणेने रिक्षातून हात बाहेर काढून माझ्या पाठीवर ठेवला. मग मान वर करून तिने टेकडीकडे पाहिलं. सुबोध, सुशांत, श्रुतिका, ऋतिका समोर उभे होते, त्यांच्याकडे पाहिलं.

"नको रे," ती म्हणाली. "वर अजून म्हातारी व्हायची माणसं आहेत."

रिक्षा गेली. सुबोधने मला पाठीवर घेतलं आणि आम्ही टेकडी चढायला लागलो. मला त्याच्या गुडघ्यांचा आवाज ऐकू येत होता. तो अजून चाळिशीचाही नाही.

जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी तसलं काही सांगणार नाही. माझे सांधे आवळू नका, मला रंग देऊ नका, माझा व्हिडिओ तर अजिबात काढू नका. नारळ फोडायला कुणी आलं, तर आधी त्याच्या खांद्यावर माझा बांबू ठेवा आणि त्याला वरच्या गल्लीपर्यंत चढू दे, रस्त्याचं बोलणं मग करा. माझी काळजीच घ्यायची असेल तर मला बिनकामाची करा, मित्रांनो. ज्या दिवशी कातळवाडीच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी राहील, त्या दिवशी मला खुशाल चुलीत घाला. सागवान आहे, चांगलं जळेल. आणि तोवर माणूस कुठेही पोचवायला दिलात, तर समोरून दुसऱ्याने हात लावलेला दिसेपर्यंत तुमचा हात सोडू नका. त्यात कुणी अपमान मानला तर मानू दे. अबोला धरलेली माणसं पुन्हा बोलतात, हे मी ह्याच टेकडीवर पाहिलं आहे.